रेवस ते बोर्ली, डाव्या पायाविना

ज्यांनी रेवसपासून बोर्ली पंचतनपर्यंतचा मुलूख पाहिलेला नाही त्यांनी तो जरूर पाहावा. होडीतून पाहावा, बैलगाडीतून पाहावा, फारच हौस असेल तर सासऱ्याच्या खांद्यावर बसून पाहावा. फक्त मोटारीच्या नादाला लागू नये. मी लागलो. अजून बसताना मला डावा कुल्ला आधी टेकावा लागतो, उजव्याने माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

नादाला लावणारा माझा मित्र विनायक. हा मुंबईत ट्रामच्या कारखान्यात विजेच्या मोटरींवर तांब्याची तार गुंडाळतो. मूळचा बोर्लीचा. स्वभाव असा की पानात मीठ नसेल तर तेही खुणेने मागेल. त्याच्या वाट्याचं बोलणं आजवर मीच करत आलो आहे, आणि ते वाट्यापेक्षा जरा जास्तच होतं अशी आमच्या घरातली तक्रार आहे.

या विनायकने भंगारातून एक जुनी विलायती बस घेतली आणि आपल्या गावाकडे न्यायचं ठरवलं. ही बस साध्या जातीची नव्हती. हिच्या पुढे पेट्रोलचं इंजिन आहे, पण ते चाकांना शिवत नाही. ते फिरवतं डायनामो. डायनामोची वीज जाते मागच्या मोटरीकडे, आणि ती मोटर चाकं फिरवते. म्हणजे आमच्या घरासारखं: आवाज सासऱ्याचा, हुकूम सासूचा, काम सुनेचं. विनायकने त्यात आणखी एक भर घातली. बाकांखाली त्याने तेजाबाच्या पेट्या बसवल्या, वीज साठवून ठेवणाऱ्या. सपाटीवर इंजिनाची उरलेली वीज या पेट्यांत जायची. चढ आला की इंजिन आणि पेट्या, दोघांनी मिळून ओढायचं. आणि उतारावर चाकंच उलट मोटरीला फिरवत, मोटरीचा डायनामो होई, वीज पेट्यांत परत जाई आणि त्या ओढीने गाडीही आवरली जाई.

हे सगळं त्याने मला एकदा गिरगावात, चहा निवून जाईपर्यंत समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "गियर नाही, क्लच नाही. डावा पाय लागतच नाही, नाना."

तेव्हा मला कळलं की ही गाडी त्याने कुणासाठी केली.

रेवस

गाडी पडावातून, म्हणजे मालवाहू गलबतातून आली. पडाववाल्याने थेट दिघीला न्यायचं कबूल केलं होतं, पण वाटेत एका पेटीतल्या तेजाबाचा थेंब त्याच्या धोतरावर पडला आणि धोतराला खिडकी झाली. "ह्यो राक्षस माझ्या पडावाचा तळ खाईल," म्हणून त्याने आम्हाला रेवसलाच उतरवलं. अशा रीतीने, दोन खाड्या आणि दोन डोंगर अंगावर घेऊन, आमचा खुष्कीचा प्रवास सुरू झाला. रेवसच्या डासांविषयी मी फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यांतला एक टपावर बसला तेव्हा विनायकने खाली येऊन टायरची हवा तपासली.

पडाव पाणी भरायला रेवसला थांबणारच होता, आणि तिथून आमच्याबरोबर यायला धक्क्यावर सखाराम वाट पाहत उभा होता. हा दिघीचा कोळी. विनायक लहानपणी शिकायला जाई तेव्हा हाच त्याला आपल्या होडीतून खाडीपार करी. महायुद्धाच्या वेळी सखाराम बसऱ्याच्या नदीवर सरकारी बोटींवर गेला आणि गुडघ्याखालचा डावा पाय तिकडे ठेवून आला. लाकडी पायावर डोलत्या होडीत तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, उभं राहता येत नाही. तेव्हापासून घर चालवते ती त्याची बायको चंद्रा: उजाडताना मासळीची पाटी डोकीवर घ्यायची, दिघीची खिंड चढायची, पलीकडे बोर्लीच्या बाजारात बसायचं, आणि उन्हातून परत.

सखारामने गाडीभोवती एक फेरी मारली. लाकडी पायाचा ठक ठक आवाज धक्क्यावर घुमला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाना, माझं मागनं एकच हाय. चंद्रीच्या डोकीवरची पाटी खाली आनायची. मी गाडी हाकंन, ती पाटी मांडीवर घेऊन बसंल. बास. दुसरं मला काय नको."

मी विनोद करणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका सरळ बघत होता की मी ते तोंड जांभई देऊन मिटवलं.

अलिबागच्या अलीकडे

एका मळ्यात आगरी मंडळींनी आम्हाला थांबवून पोपटी खायला घातली. मी देशावरचा, थंडीत आमच्याकडे हुरडा असतो आणि हुरडा म्हणजे जगातलं शेवटचं सुख अशी माझी समजूत होती. इथे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं भरून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं फोडलं तेव्हा आलेल्या वासाने आमचं इंजिनसुद्धा बंद पडलं. विनायक म्हणतो प्लगमध्ये कचरा होता. म्हणो बापडा.

त्या मळ्यातल्या एका आजीबाईंनी सखारामला विचारलं, "बाबा, तुझा पाय कुठं रं गेला?"

"बसऱ्याला, आये."

"आनि ह्ये तुला गाडी हाकू देतील?"

"न्हाय दिली तर पुन्हा इचारंन."

रेवदंडा

इथे डायनामोच्या बेअरिंगने रडायला सुरुवात केली. तेल हवं होतं. गावात तेलाचा घाणा शोधला, तर घाणा बंद. मालक शनवार तेली. कोकणातली ज्यू, म्हणजे इस्रायली मंडळी ही, शनिवारी कामाला हात लावत नाहीत. ओटीवर पांढऱ्या दाढीचे म्हातारबुवा बसले होते.

"चांदण्या दिसल्यावर या," ते म्हणाले. "आज विकणं न्हाय."

"अहो, आमच्या गावी शनिवारी मारुतीला तेल घालायला रांग लागते," मी म्हटलं, "आणि तुम्ही नेमकं आजच..."

"तुमच्या मारुतीला शुक्रवारी आठवण करा म्हणावं." म्हातारबुवांनी दाढीतल्या दाढीत हसून घेतलं. "तेल देत न्हाय, पण जेवायला बसा. जेवण काय आम्ही विकत न्हाय, त्याला शनवार आडवा येत न्हाय."

कालची शिजवलेली मासळी आणि तांदळाच्या भाकऱ्या त्यांनी आम्हाला वाढल्या. ती भाकरी इतकी मऊ होती की ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या दातांना, आपल्याला नोकरीवरून काढलं की काय, अशी शंका आली. चांदण्या दिसल्यावर त्यांनी स्वतः बुधला आणून बेअरिंगवर तेल सोडलं आणि सखारामच्या लाकडी पायाच्या पट्ट्यालाही थोडं चोळलं. "कुरकुरतंय," एवढंच म्हणाले.

रेवदंड्याची खाडी आम्ही सांगडीवरून ओलांडली. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकल्या की तिला सांगड म्हणतात. गाडी तिच्यावर चढली तेव्हा दोन्ही होड्यांनी असा उसासा टाकला की पलीकडच्या कोरलईच्या किल्ल्यावरचे कावळे उडाले.

काशीद

काशीदला ओहोटीची वेळ होती आणि ओली वाळू फरशीसारखी लांबवर पसरली होती. विनायकने गाडी थांबवली, खाली उतरला आणि सखारामला म्हणाला, "बस."

सखाराम चाकासमोर बसला. लाकडी पाय त्याने हाताने उचलून बाजूला ठेवला, एखाद्या झोपलेल्या माणसाला सरकवावं तसा. विनायकने त्याला पितळी दांडा दाखवला, ट्रामवाल्याच्या हातात असतो तसला. मधल्या घरात, म्हणजे खाचेत, आणला की थांबणं. पुढे ढकलत नेला की आधी पेट्यांच्या जोरावर, मग दोघांच्या, मग नुसत्या इंजिनाच्या. मागे एक घर उताराचं, गाडी आवरून वीज परत घेण्याचं. आणि त्याच्याही मागचं शेवटचं घर उलट चालीचं. त्या शेवटच्या घरावर विनायकने लाल दोरा गुंडाळून गाठ मारली होती.

"गाडी पुढे धावत असताना दांडा इथे आणायचा नाही. आणलास तर मोटर जळेल. कधीच नाही."

"न्हाय आननार."

दांड्याशेजारी एक काटा होता, पेट्यांत वीज किती ते सांगणारा. सखारामने तो बराच वेळ पाहिला. "म्हंजे भरली की भरती, रिती झाली की ओहोटी?"

विनायक हसला. मी त्याला लग्नातही इतका मोकळा हसताना पाहिलेला नाही. "अगदी तसंच. भरती आणि ओहोटी."

मग सखारामने दांडा पुढे केला. इंजिन बंदच होतं. नुसत्या पेट्यांच्या जोरावर गाडी निघाली, काही आवाज न करता. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं. त्याने एक लांब वळण घेतलं, परत आला, आमच्यासमोर अलगद उभा राहिला. खाली उतरला नाही. दोन्ही हात चाकावर, बघतोय समुद्राकडे. मी आणि विनायक उगाचच शिंपले वेचू लागलो.

मुरूड आणि आगरदांडा

पुढचा मुलूख संस्थानचा, त्यामुळे गाडी हाकण्याचा परवाना मुरूडला. परवाना देणारे अधिकारी वयस्कर होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग सखारामला.

"पाय?"

"एकच हाय, साहेब."

रावसाहेबांनी विनायककडे भुवई वळवली. विनायक चक्क बोलला. "गाडीलाही एकच लागतो, साहेब."

"नियमात शब्द आहे, 'हातीपायी धड'." रावसाहेबांनी पानाचा डबा मिटला. "धड म्हणजे काय, हे मला कचेरीत बसून ठरवता येणार नाही. मी गाडीत बसेन. दिघीची खिंड, भरल्या ओझ्यानिशी. भर चढात थांबायचं, पुन्हा निघायचं, पलीकडे बोर्लीला उतरायचं. माणूसही बघेन, गाडीही."

आगरदांड्याला सांगडीचा तांडेल अब्दुल्लाभाय. हा आणि सखाराम पूर्वी होड्यांच्या शर्यतीत एकमेकांचे वैरी.

"काय रे सख्या, होडी सोडून रेडा पाळलास?"

"रेडा न्हाय अब्दुल्लाभाय, बैल हाय. दोन हायत, एका कातड्यात."

"या अल्ला! आणि खातो काय?"

"तुझ्यासारखी बडबड न्हाय खात, येवढं बरं."

सांगड निघाली. रावसाहेबांना मधोमध खुर्ची दिली होती, आणि त्यांनी ती अशी धरली होती की खुर्ची त्यांच्यावर बसली आहे असं वाटावं. भर खाडीत उजव्या होडीचे वल्हवणारे जोरात आले आणि सांगड गर्रकन फिरू लागली. अब्दुल्लाभाय ओरडला, "अरे, बराबर! एकानं जोर केला की दोघं बुडतील!" विनायक माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "माझ्या गाडीचंही हेच आहे, नाना. इंजिन आणि पेट्या. कोणी कधी ओढायचं आणि कोणी कधी थांबायचं, एवढंच खरं कोडं आहे. बाकी नुसतं लोखंड."

ते वाक्य त्या वेळी मी खाडीत सोडून दिलं. नंतर शोधत जावं लागलं.

दिघी

चंद्राबाईंनी आम्हाला रात्री जेवायला घातलं: मांदेली कुरकुरीत तळलेली, जवळ्याची चटणी, गरम भाकरी. मी किती खाल्लं ते विचारू नये; त्या रात्री दिघीच्या मांजरांनी उपास केला असं ऐकतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या पदर खोचून गाडीपाशी आल्या, बाकं हाताने दाबून पाहिली.

"ह्यात मासळीचा वास लागला तर?"

"गाडी मासळीचीच आहे, वहिनी," विनायक म्हणाला.

चाचणीसाठी ओझं हवं होतं. बोर्लीच्या बाजाराला निघालेल्या कोळणी आपल्या पाट्यांसह हसत, एकमेकींना ढकलत बसल्या. एक म्हणाली, "सख्या भावा, धक्का लागला तर तुझ्या साहेबाच्या मांडीवर जाईन हां!" रावसाहेब समोर बघत राहिले, पण त्यांनी पगडी घट्ट केली.

चंद्राबाई मात्र बसेनात. पाटी भरलेली, शेजारी जागा रिकामी.

"बस की गं," सखाराम म्हणाला.

"परवाना हातात पडू द्या आधी. तवा बसंन."

"आजच पडनार हाय."

"मग आजच बसंन. परतीला." त्यांनी पाटीखाली चुंबळ सारखी केली आणि आवाज उतरवला. तरी मला ऐकू आलं. "एकदा बसलं की मग परत पाटी डोकीवर घेववत न्हाय हो."

आणि त्या पायवाटेने, आमच्या आधी, खिंडीकडे चालू लागल्या.

खिंड

चढाविषयी मी मुंबईत अनेकांना अनेक गोष्टी सांगितल्या आहेत. येथे खरी सांगतो: चढ उभा होता, रस्ता बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा होता, आणि गाडी भरलेली होती. इंजिनाचा सूर एकदाही बदलला नाही. ते आपल्या चालीने गुरगुरत राहिलं, आणि बाकांखालून पेट्या हात देत होत्या. सर्वांत उभ्या जागी रावसाहेब म्हणाले, "थांब." सखाराम थांबला. "चल." दांडा पुढे झाला. गाडी बोटभरही मागे घसरली नाही. मागच्या कोळणींनी "हैस्सा!" अशी आरोळी ठोकली, होडी ओढताना देतात तशी. विनायक माझ्या समोर बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले होते.

वर पोचलो. तिथे सावली होती आणि रावसाहेबांना पान हवं होतं. त्यांचं पान म्हणजे एक संस्कारच: शिरा काढणं, चुना पुसणं, सुपारी निवडणं. इंजिन चालूच ठेवलं होतं. विनायक खाली वाकून मोटरीला हात लावून आला, मान हलवून 'ठीक' म्हणाला. काटा वर सरकत होता.

"साहेबांचं झालं तर निघू," विनायक म्हणाला.

"जरा थांबा विनूभाऊ," सखाराम म्हणाला. "भरती पुरी होऊं द्या. अर्ध्या पान्यात बंदर सोडायचं न्हाय. तळ लागतो."

दिघीच्या कोणत्याही तांडेलाने हेच सांगितलं असतं. विनायकने काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघेला टेकत होता, तुडुंब भरल्याची खूण. "होऊ दे पुरी," तो म्हणाला.

भरती पुरी झाली. आम्ही उतरायला लागलो.

सखारामने दांडा उताराच्या घरात ठेवला. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणाआधी बाकांखालून खदखद ऐकू येऊ लागली, भाताला उकळी यावी तशी. मग आंबट, घसा कापणारा वास. कोळणी खोकू लागल्या. विनायक ताडकन उठला. "सखाराम, इंजिन..." एवढंच बोलला, तोवर पायाखाली फट् असा आवाज झाला आणि गाडी एकदम हलकी झाली. कोणी दोर कापावा तशी. सुटली.

सखारामने उजव्या पायाने ब्रेक दाबला. चाकांतून धूर निघाला, लाकूड जळाल्याचा वास आला, आणि वेग वाढतच राहिला. पुढे वळण होतं. वळणापलीकडे रस्ता नव्हता, झाडांचे शेंडे होते.

मी त्याचा हात पाहिला. तो हात पितळी दांड्यावर होता. लाल दोरा तटकन तुटला आणि दांडा शेवटच्या घरात गेला.

गाडीखालून निळा उजेड झाला. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. आजारी जनावर ओरडावं तसा काहीसा. आम्ही सगळे पुढच्या बाकांवर जाऊन आदळलो, पाट्या उडाल्या, आणि गाडी थरथरत, अडखळत, वळणाच्या कडेच्या दगडांपाशी उभी राहिली. 

दरी मी एरवी हजार हात खोल सांगितली असती. तेवढी नव्हती. पुरेशी होती.

 मांदेली सगळ्या रस्त्यावर चांदीसारखी पसरली होती. एका कोळणीच्या कपाळाला खोक पडली होती, रावसाहेबांची पगडी झुडपात होती. माझं वय त्या वळणावर किती वाढलं ते आरशात दिसतं. सखारामची बोटं दांड्यावरून निघेनात. विनायकने ती एकेक करून सोडवली.

मग विनायक रस्त्याच्या कडेला बसला. त्याच्या हातात वितळलेल्या तारेचा तुकडा होता, पेट्यांच्या वाटेवर असते ती तार.

"पेट्या तुडुंब भरल्या होत्या, नाना," तो म्हणाला. "उताराची वीज घ्यायला त्यांत जागाच नव्हती. तार उडाली, आवर सुटला. उताराला ओहोटीनेच निघायला हवं होतं."

सखाराम उभा होता. "म्हंजे माझ्यामुळं."

"नाही." विनायकने तारेवरची काजळी अंगठ्याने पुसली. "काटा लाल रेघेवर गेला तो मी पाहिला. मला बरं वाटलं."

रावसाहेब पगडी झटकत आले. "सखाराम. दांडा तिथे आणायचा नाही असं तुला सांगितलं होतं?"

"व्हय, साहेब."

"मग?"

सखारामने आपल्या हाताकडे पाहिलं. "होडी वाऱ्यापुढं सुटली की सुकाणू उलटं मारायचं, तोंड वाऱ्यावर घ्यायचं. मी इचार केला न्हाय साहेब. हातानं केलं."

"चालून दाखव."

तो चालला. वळणाच्या दगडांपासून झुडपापर्यंत आणि परत, ठक ठक, पायाखालची मासळी चुकवत. रावसाहेबांनी गाडीच्या मडगार्डवर कागद ठेवला आणि तिथेच उभ्याने लिहिलं. वाळू टाकून शाई टिपली. कागद सखारामच्या हाती दिला.

"माणूस पास," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, विनायककडे न पाहता, "गाडी नापास."

मी म्हटलं, "पण साहेब, हा दुसरी कोणती गाडी हाकणार? सगळ्यांना डावा पाय लागतो."

"मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज खाली गेला. "मी या बायकांना हिच्यात पुन्हा बसवू शकत नाही. पण नियमातला शब्द होता तो मी तसाच लिहिला आहे. वाचून दाखवा त्याला."

मी वाचलं. 'हातीपायी धड' असं लिहिलं होतं.

बोर्ली पंचतन

चंद्राबाई बाजारात बसल्या होत्या. त्यांना आमच्या आधीच कोणी तरी सगळं सांगितलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा चढवून सांगितलं असावं, कारण सखाराम जिवंत दिसताच त्यांनी विकायला घेतलेला मासा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. कागद त्यांना वाचता येत नव्हता. तो उलटा धरून त्यांनी पाहिला, मग पदराला हात पुसून नीट धरून पाहिला.

"हाच काय?"

"ह्योच."

"गाडी?"

"ती जळली."

त्यांनी गिऱ्हाइकाला मासा दिला.

गाडी खिंडीत टाकून ठेवता येत नव्हती, म्हणून मागे दोर लावून आम्ही ती तसू तसू बोर्लीला उतरवली होती आणि सुताराकडून ब्रेकला नवी फळी ठोकून घेतली होती. जळलेली मोटर विनायकला मुंबईला नेऊन पुन्हा गुंडाळायची होती, आणि त्यासाठी सगळा सांगाडा दिघीच्या धक्क्यावर नेणं भाग होतं. बोर्लीच्या एका शेतकऱ्याने बैलजोडी दिली. गाडीला जू बांधलं. रस्ताभर सगळा बाजार हसायला उभा होता, आणि हसण्यासारखंच दृश्य होतं ते. विलायतेची बस, पोटात पेट्रोलचं इंजिन, बुडाखाली विजेच्या पेट्या, आणि पुढे दोन खिलारी नाही, दोन आपले ठेंगणे गावठी बैल. मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सखाराम वर चढला. लाकडी पाय उचलून बाजूला ठेवला. कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात घातली, दोन्ही हात चाकावर ठेवले. हसणाऱ्यांतलं एकेक माणूस गप्प होत गेलं.

बाजार उठला होता. कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परतीला निघाल्या होत्या. खिंडीत घडलं त्यानंतर एकही गाडीकडे फिरकेना. चंद्राबाई त्यांच्यात उभ्या होत्या, चुंबळ हातात.

सखारामने वळून पाहिलं नाही. समोर बैलांच्या शिंगांकडे बघत म्हणाला, "परवाना पडला हातात."

"ऐकलं."

"तू म्हनाली व्हतीस."

त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दिघीत जे म्हटलं होतं ते मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मोटर गुंडाळून होईल तेव्हा होईल. उद्या उजाडताना पाटी आहेच.

मग त्यांनी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या. पाटी मांडीवर घेतली. तिच्या काठावर दोन्ही हात.

"हाका," त्या म्हणाल्या.

बैल हलले. चढात ते ओढत होते आणि सखाराम चाकोऱ्या चुकवत चाक फिरवत होता. विनायक आणि मी मागून ढकलत होतो. वळणाच्या दगडांपाशी त्याने चाक डोंगराच्या बाजूला घेतलं. पलीकडच्या उतारावर, नवी फळी ठोकलेल्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून, सखारामने ती गाडी अशी सावकाश खाली आणली की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा ताल बिघडला नाही. खाली खाडी दिसत होती. अब्दुल्लाभायची सांगड पलीकडून निघाली होती, दोन होड्या एका चालीने.

मी मुंबईला परतलो त्याला आता बरेच दिवस झाले. विनायकच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जिकडे तिकडे तांब्याची तार. काट्यावर त्याने आता दोन रेघा ओढल्या आहेत. लाल रेघेच्या खाली एक हिरवी: उतार लागण्याआधी भरती इथवरच. होईल म्हणतो तो. मी त्याच्यावर बोलत बसत नाही, तार धरून बसतो.

मात्र दिघीच्या धक्क्यावरचं शेवटचं दृश्य सांगून थांबतो. गाडी थांबली. चंद्राबाई उतरल्या, सवयीने चुंबळ डोकीवर ठेवली आणि पाटीला हात घातला. सखारामने पाटी आधीच उचलली होती. लाकडी पाय सांभाळत तो खाली उतरला, ती रिकामी पाटी स्वतःच्या डोकीवर ठेवली आणि घराकडे निघाला. ठक, ठक. त्या त्याच्या मागून चालल्या, रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून.